कागद आणि पडदा : ‘सावकारी पाश’ (१९२५) या मूकपटाच्या वाचनासंबंधी काही विचार

भारतीय चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत ‘सावकारी पाश’ या मूकपटाविषयीचे एक विधान पिढ्यान्‌पिढ्या पुनरावृत्त होत आले आहे. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने १९२५ मध्ये काढलेला, बाबुराव पेंटर यांनी दिग्दर्शित केलेला आणि नारायण हरी आपटे यांच्या कथेवर आधारलेला हा बोलपट-पूर्व काळातील सामाजिक चित्रपट म्हणजे भारतातील वास्तववादी चित्रपटाचा आरंभ होय, असे ते विधान. मूळ मूकपट आज उपलब्ध नाही. म्हणजे ज्यांनी हे विधान केले त्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिला होता त्यांच्या आठवणीही पुढे बोलपटाच्या अनुभवातून गाळून आलेल्या आहेत. भारतात मूकपटांच्या दोन दशकांत तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले आणि त्यांतले तीस-एक सुद्धा धड हाती लागत नाहीत, हे लक्षात घेता ही स्थिती अपवादात्मक म्हणता येत नाही. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढे तिने एक निराळाच प्रश्न उभा केला आहे. अनुपलब्ध कृतीला ‘वास्तववादी’ हे विशेषण लावताना आपण नेमके कशाचे वर्णन करीत असतो? चित्रपटाचे, की त्याच्या विषयाचे?

विषय सर्वांना ठाऊक आहे. एका तरुण शेतकऱ्याची जमीन लोभी सावकाराच्या घशात जाते आणि त्याला गाव सोडून शहरात गिरणी-कामगार व्हावे लागते. शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. झुंझारराव पवार, कमलादेवी, केशवराव धायबर हे अन्य कलावंत, आणि छायालेखन एस. फत्तेलाल यांचे. कथानक एवढेच सांगितले, तर ते करुण आहे, पण वास्तववादी आहे असे म्हणण्यास पुरेसे कारण त्यात नाही. लबाड सावकार आणि नागवला गेलेला कुणबी हे युग्म एकोणिसाव्या शतकापासूनच्या मराठी निबंधाला, नाटकाला आणि पुढे कादंबरीलाही परिचित होते. कृष्णराव भालेकरांचा ‘बळीबा पाटील’ १८८८ चा, धनुर्धारींची ‘पिराजी पाटील’ १९०३ ची. तेव्हा विषयाच्या नवेपणावर भिस्त ठेवून चालणार नाही. प्रस्तुत लेखात मला असे सुचवायचे आहे की, या चित्रपटाचे खरे महत्त्व त्याच्या विषयाने आणि त्याच्या माध्यमाने एकाच ठिकाणी बोट ठेवले यात आहे. ते ठिकाण म्हणजे लिहिलेला मजकूर आणि तो न वाचू शकणारा माणूस यांच्यातील संबंध.

तत्पूर्वी दोन आपट्यांचा घोळ निस्तरला पाहिजे. महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’च्या आधी दोन वर्षे, १९२३ मध्ये, ‘सिंहगड’ काढला तो हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या ऐतिहासिक कादंबरीवरून. आणि ‘सावकारी पाश’ घेतला तो नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) यांच्याकडून. नावांची ही उलटापालट अनेक लेखकांना चकवून गेली आहे, आणि ‘सावकारी पाश’चे पितृत्व अधूनमधून हरिभाऊंकडे जाते. इंग्रजीतील संदर्भग्रंथांवर विसंबणाऱ्या तुलनाकारांनी येथे विशेष सावध असावे. दोन लेखकांत पाव शतकाचे अंतर आहे आणि दोघांच्या निवेदनाची जातही वेगळी. शिवाय नारायण हरींचे नाव चित्रपटाच्या श्रेयात ‘कथा’ म्हणून येते, तर पुढील लेखनात ‘कादंबरीवर आधारित’ असे रूढ झाले आहे. मूकपटाच्या संदर्भात कथा आणि कादंबरी यांत आजच्याइतकी काटेकोर भेदरेषा ओढणे तसेही धाडसाचे. कादंबरीकाराकडून ‘वस्तू’ घ्यायची आणि ती दृश्यांत मांडायची, एवढाच तो व्यवहार असे.

तरीही दोन्ही रूपांतरे शेजारी ठेवली की, एकाच दिग्दर्शकाने चार-दोन वर्षांत कादंबरीशी दोन सर्वस्वी भिन्न नाती कशी जोडली हे दिसते. ‘सिंहगड’चे कथानक मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ होते. तानाजी, शेलारमामा (ही भूमिकाही शांताराम यांचीच), कोंढाण्याचा कडा, उदेभानाशी झुंज ही सारी पोवाड्याने आणि कादंबरीने आधीच उभी केलेली स्थळे. चित्रपटाला ती फक्त दाखवायची होती, आणि ती दाखविण्यासाठी पेंटरांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला, रात्रीच्या प्रसंगांना चांदण्याचा भास आणला. प्रेक्षक वाचता येवो न येवो, पाटीवर काय लिहिले आहे हे त्याला ठाऊकच होते. ‘सावकारी पाश’ला अशा पूर्वज्ञानाचा आधार नव्हता. पुराणात आणि इतिहासात जे घडले ते सर्वांना माहीत असते; एका अनाम कुणब्याचे काय झाले हे कोणालाच माहीत नसते. सामाजिक मूकपटाच्या पहिल्या अडचणीचे मूळ येथे आहे, आणि ती अडचण अद्याप पुरेशी चर्चिली गेलेली नाही.

चित्रपटाच्या शीर्षकापासून आरंभ करू. मराठी शीर्षकात सावकार नाही. ‘सावकारी’ आहे, म्हणजे व्यवहार, पद्धती, आणि तिने टाकलेला ‘पाश’. व्यक्ती दुय्यम, फास मुख्य. हाच चित्रपट इंग्रजीत ‘इंडियन शायलॉक’ या नावाने ओळखला गेला. येथे एका शब्दाच्या फरकाने सारी संकल्पना पालटते. फासाच्या जागी खलपुरुष येतो. आर्थिक संबंधाच्या जागी स्वभाव येतो. शिवाय शायलॉकबरोबर युरोपातील ज्यूद्वेषाचा सारा वारसा नकळत दख्खनच्या खेड्यात दाखल होतो, ज्याचा तेथील सावकारीशी काडीमात्र संबंध नव्हता. परंतु या विजोड भाषांतरात एक गोष्ट अनवधानाने नेमकी साधली आहे असे मला वाटते. शेक्सपिअरच्या नाटकातील न्यायसभेचा प्रसंग हा मुळात वाचनाचा प्रसंग आहे. खत एकच, शायलॉक ते एका तऱ्हेने वाचतो, पोर्शिया दुसऱ्या तऱ्हेने, आणि तिच्या वाचनाने अँटोनिओ वाचतो. मांस लिहिले आहे, रक्त लिहिलेले नाही. मराठी कुणब्याच्या कथेत खत आहे, न्यायालय आहे, शायलॉकही हवा तर आहे. नाही ती पोर्शिया. त्याच्या बाजूने कागद वाचणारे कोणी नाही.

हे केवळ रूपक नव्हे. दख्खनमधील सावकारीचा इतिहास हा बव्हंशी कागदाचा इतिहास आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे जो उठाव सुरू झाला आणि नगर जिल्ह्यापर्यंत पसरला, त्यात शेतकऱ्यांनी प्रामुख्याने मागितली ती खते, रोखे आणि हुकूमनामे. जेथे सावकाराने ती निमूटपणे स्वाधीन केली तेथे ती जाळून किंवा फाडून लोक परतले. जेथे नाकारली तेथे मारहाण झाली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगानेही कागदपत्रांचा नाश हाच दंग्याचा मुख्य हेतू असल्याचे नोंदविले. यातून पुढे आलेल्या १८७९ च्या कायद्यात पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी जी तरतूद झाली, तीही लेखनाविषयीच होती: शेतकऱ्याचा करार गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, नाही तर तो ग्राह्य धरू नये. सरकारलाही कळून चुकले होते की व्याजाच्या दरापेक्षा अक्षर कोणाच्या हातात आहे हा प्रश्न मोठा. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) लिहिताना भट-कारकुनांच्या लेखणीवर जो प्रहार केला आहे, त्याची पार्श्वभूमी हीच. ‘कलमकसाई’ हा शब्द त्या काळाने उगाच घडविला नाही. आणि कोल्हापुरात, जेथे हा मूकपट निर्माण झाला, तेथे शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९१८ मध्ये कुलकर्णी वतने नष्ट करून पगारी तलाठी नेमले. गावचे दप्तर कोणाच्या घरात असावे हा तेथे ताजा राजकीय वाद होता. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९१९ ते १९२१ या काळात सत्यशोधकी प्रभावाखाली कुळांनी ब्राह्मण जमीनदार-सावकारांवर बहिष्कार टाकला होता. नारायण हरी आपटे हे त्याच सातारा जिल्ह्यातील कोरेगावी वास्तव्य करून लिहिणारे लेखक.

आता चित्रपटगृहाकडे वळू. १९२१ च्या जनगणनेनुसार या देशातील साक्षरतेचे प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास होते. मूकपटाचे निवेदन पडद्यावर मधूनमधून येणाऱ्या पाट्यांतून चाले. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या (१९१३) पाट्या इंग्रजी आणि हिंदीत होत्या, पुढे प्रदेशाप्रमाणे मराठी, गुजराती, उर्दू अशा दोन, तीन, चार भाषांत त्या छापल्या जाऊ लागल्या. ज्यांना यांतील एकही लिपी येत नसे, त्यांना शेजारी कोणी तरी वाचून दाखवी, किंवा पडद्याशेजारी उभा राहणारा निवेदक ती सांगे. साक्षर प्रेक्षकाचा मोठ्याने वाचण्याचा आवाज हा मूकपटगृहाचा एक अंगभूत आवाज होता. म्हणजे ‘मूक’पट मुका कधीच नव्हता; तो दुसऱ्याच्या तोंडाने बोले.

‘सावकारी पाश’च्या प्रेक्षकाची कल्पना या पार्श्वभूमीवर करून पाहावी. पडद्यावर एक मनुष्य आहे, ज्याचे भवितव्य त्याला न वाचता येणाऱ्या कागदावर लिहिले गेले आहे. पडद्यासमोर दुसरा मनुष्य आहे, ज्याला त्या मनुष्याची कथा न वाचता येणाऱ्या पाटीवरून कळून घ्यावी लागते. दोघेही जे वाचू शकतात त्यांच्या प्रामाणिकपणावर अवलंबून. पाटी वाचणाऱ्याने एखादा शब्द गाळला, स्वतःचा शेरा घातला, चुकीचे वाचले, तर प्रेक्षकाला तपासण्याचे साधन नाही. सावकाराने दहाच्या जागी शंभर लिहिले तर कुणब्यालाही नाही. पौराणिक किंवा ऐतिहासिक चित्रपटात हे अवलंबित्व जाणवत नाही, कारण तेथे गोष्ट आधीच माहीत असते. सामाजिक चित्रपटातच, आणि त्यातही सावकारीच्या चित्रपटात, ते उघडे पडते. पेंटर किंवा आपटे यांनी हे जाणूनबुजून योजले असे माझे म्हणणे नाही. योजनेची आवश्यकता नव्हती. विषय आणि माध्यम यांची स्थितीच तशी होती. कृतीचा अर्थ तिच्या कर्त्याच्या हेतूत बंदिस्त नसतो, हे तुलनाकारांना तरी सांगावयास नको.

याच ठिकाणी कादंबरी आणि मूकपट यांतील खरे अंतरही दिसू लागते. नारायण हरी आपटे हे त्या काळातील अतिशय वाचकप्रिय आणि तितकेच बोधवादी लेखक होते. ‘न पटणारी गोष्ट’ (१९२३), ‘सुखाचा मूलमंत्र’ (१९२४), ‘पहाटेपूर्वीचा काळोख’ (१९२६) ही नावेच त्यांच्या निवेदकाचा स्वभाव सांगतात. हा निवेदक वाचकाचा हात धरतो, पात्रांना दोष देतो, समाजाला कानपिचक्या देतो आणि प्रसंगाचा अर्थ प्रसंग संपण्यापूर्वीच उलगडून ठेवतो. कादंबरीच्या वाचकासाठी तो विश्वासू वाचनिक आहे. कागदावरच्या गोष्टीत जे लपले आहे ते तो आपल्या बाजूने उघड करून दाखवितो. कुणब्याला जी पोर्शिया मिळाली नाही ती कादंबरीच्या मध्यमवर्गीय वाचकाला निवेदकाच्या रूपाने आयतीच मिळालेली असते. मूकपटाच्या पाटीत एवढा निवेदक मावत नाही. दोन ओळी, फार तर तीन. एवढ्यात उपदेशाला जागा नाही. पाटी जेवढी लहान तेवढी ती जमाखर्चाच्या नोंदीसारखी दिसू लागते. तेव्हा आपट्यांच्या वस्तूतून पडद्यावर जे उतरले असेल ते त्यांच्या निवेदकाशिवायचे असणार, आणि या वजाबाकीत लाभच अधिक झाला असावा असे मला वाटते. मराठी कादंबरीला त्या काळात ज्या गोष्टीची सर्वांत अधिक गरज होती ती गोष्ट, म्हणजे निवेदकाचे मौन, तिला एका यंत्राच्या मर्यादेने शिकविली.

समकालीन पाश्चात्त्य उदाहरणे येथे उपयोगी पडतात, पण काळजीपूर्वक. फ्रँक नॉरिस यांच्या ‘मॅकटीग’ (१८९९) या कादंबरीवरून एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनी केलेला ‘ग्रीड’ १९२४ च्या अखेरीस प्रदर्शित झाला. विषय पैशाचाच. स्ट्रोहाइम यांचा आग्रह कादंबरीच्या पानापानाशी इमान राखण्याचा होता; आठ-नऊ तासांची मूळ प्रत कंपनीने कापून दोन-सव्वादोन तासांवर आणली, आणि कापलेला भाग पुन्हा मिळाला नाही. पुदोव्हकिन यांनी गॉर्कींच्या ‘आई’वरून (१९०६) १९२६ मध्ये केलेला मूकपट याच्या उलट टोकाचा, त्यांनी कादंबरीचा विस्तार निर्धाराने टाकून तिचा एक ताण तेवढा उचलला. ‘सावकारी पाश’ यांपैकी कोणत्याच परंपरेत बसत नाही. कोल्हापूरच्या मंडळींपुढे कादंबरीनिष्ठेचा प्रश्न सैद्धांतिक स्वरूपात उभाच नव्हता. कॅमेरा सुद्धा ज्यांनी स्वतः घडविला त्या सुतार-चित्रकारांच्या कारखान्यात कादंबरी ही लाकूड-कापडासारखीच एक सामग्री होती. या अनास्थेला अशिक्षितपणा समजण्याची चूक आपल्याकडील काही चित्रपटलेखकांनी केली आहे. मला ती कारागिराची मोकळीक वाटते.

बाबुराव पेंटर, मूळचे बाबुराव कृष्णराव मेस्त्री (१८९०–१९५४), यांची घडण नाटकाचे पडदे रंगविण्यात झाली. चुलतबंधू आनंदराव यांच्याबरोबर त्यांनी मराठी नाटक मंडळ्यांसाठी पडदे केले, आणि आनंदरावांच्या निधनानंतर चित्रपटाचे त्यांचे अपुरे स्वप्न पुढे नेले. आपल्या चित्रपटांची भित्तिचित्रे आणि जाहिरातींची चित्रेही ते स्वतः काढीत. पेंटरांच्या वास्तवाची जाण ही चित्रकाराची आहे, समाजशास्त्रज्ञाची नव्हे. भिंतीवर प्रकाश कसा पडतो, काळोखाला किती छटा असतात, एखादी वस्तू चौकटीत कोठे ठेवली म्हणजे ती बोलते, हे त्यांचे प्रश्न. येथे जे. बी. एच. वाडिया यांची सुप्रसिद्ध आठवण विचारात घ्यावी लागते. ‘सावकारी पाश’च्या कीर्तीला आधार म्हणून ती पुन्हापुन्हा दिली जाते, पण ती नीट वाचली जात नाही. वाडिया सांगतात की मूकपट त्यांना अंधुकच आठवतो. पेंटर किती थोर कलावंत होते हे त्यांना उमगले ते त्याचा बोलपट पाहिल्यावर. त्यांच्या मनात घर करून राहिलेले दृश्य म्हणजे मंद प्रकाशात दुरून टिपलेली एक उदास झोपडी, आणि त्या दृश्याला उठाव देणारे कुत्र्याचे रडणे. हा बोलपट पेंटरांनीच १९३६ मध्ये शालिनी सिनेटोनसाठी केला होता.

म्हणजे ‘पहिला वास्तववादी मूकपट’ या कीर्तीचा सर्वांत बोलका पुरावा एका आवाजाचा आहे! ही विसंगती केवळ गमतीची नाही. झोपडी १९२५ मध्येही असेलच, काळोखही असेल. त्या काळोखाला कान मिळाला तो अकरा वर्षांनी. पण बोलपट आल्यावर पेंटरांनी त्या दृश्यात संवाद घातला नाही, पद घातले नाही, हे अधिक अर्थपूर्ण आहे. त्यांनी कुत्रा घातला. मूकपटाच्या शिस्तीत वाढलेल्या दिग्दर्शकाला आवाजही वस्तूसारखा वापरता आला, आणि निवेदकाची रिकामी झालेली जागा त्याने पुन्हा निवेदकाला दिली नाही. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, त्यांचे एके काळचे शिष्य शांताराम यांनी ‘प्रभात’साठी त्याच नारायण हरी आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’वरून ‘कुंकू’ केला. त्यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते त्या घरातल्या, त्या रस्त्यावरच्या वस्तूंचे. घड्याळाचे ठोके त्या चित्रपटात जे करतात ते कादंबरीत निवेदकाला परिच्छेदच्या परिच्छेद खर्चून करावे लागते. शांताराम १९२५ मध्ये आपट्यांच्या शेतकऱ्याचे काम करतात आणि १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’साठी आपट्यांच्याच ‘भाग्यश्री’कडे वळतात, १९३७ मध्ये ‘कुंकू’साठी पुन्हा त्यांच्याकडेच. या लेखकाविषयी मराठी साहित्येतिहास बहुधा अनास्था दाखवितो. लोकप्रिय, बोधप्रचुर, दुय्यम असा शेरा मारून तो पुढे जातो. शेरा खोटा नाही. परंतु त्याची वस्तू निवेदकापासून सोडविली की ती किती टणक निघते हे दोन दिग्दर्शकांनी तीनदा तरी दाखवून दिले, याचा हिशेब साहित्येतिहासाने अजून मांडलेला नाही.

चित्रपटाला यश आले नाही. पौराणिक चमत्कारांना आणि ऐतिहासिक शौर्याला सरावलेल्या प्रेक्षकाने तो स्वीकारला नाही आणि पेंटर पुन्हा वेषभूषेच्या चित्रपटांकडे वळले, असे सर्वत्र सांगितले जाते. यातील वस्तुस्थिती मान्य करूनही स्पष्टीकरण मला अपुरे वाटते. त्यात प्रेक्षकाची अभिरुची अपरिपक्व होती असे गृहीत धरले आहे. पण ज्याला सावकारी रोज भोगावी लागते, त्याने दिवसाची मजुरी मोडून तीच पुन्हा पाहावी, आणि तीही दुसऱ्याने वाचून दाखविलेल्या पाटीच्या आधाराने, ही अपेक्षा कितपत रास्त? पुराणपटात तो जाणकार होता. शेजाऱ्याने पाटी चुकीची वाचली तर हसून दुरुस्त करू शकत होता. ‘सावकारी पाश’ने त्याचा तो अधिकार काढून घेतला. अपयशाचे कारण वास्तवाच्या कडूपणात जेवढे असेल तेवढेच या अधिकारहरणातही असावे. आणि शहरातील सुशिक्षित प्रेक्षकाला, ज्याला पाट्या वाचता येत होत्या, त्याला पाहायचे होते ते तोवर विलायती चित्रपटांत होते.

कथेच्या शेवटी येणारे गिरणीचे शहर हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे. मुंबईच्या गिरण्यांत १९२४ च्या आरंभी बोनसवरून आणि १९२५ च्या उत्तरार्धात वेतनकपातीवरून मोठे संप झाले. दुसरा संप डिसेंबरात कापडावरील अबकारी कर स्थगित झाल्यानंतर मिटला. कोकण, सातारा, कोल्हापूर या भागांतून आलेला कामगार तेव्हा रस्त्यावर होता. पुदोव्हकिन यांच्या चित्रपटात संप हा कथेचा कणा आहे. आपटे-पेंटरांच्या कथेत गिरणी हे नायकाच्या अधोगतीचे ठिकाण आहे. तेथे त्याच्यासारखे हजारो आहेत हे कथेच्या दृष्टिकक्षेबाहेरचे. सत्यशोधकी कोल्हापुरात घडूनही हा चित्रपट शेतकऱ्याकडे एकट्या, दयनीय माणसाच्या रूपानेच पाहतो, आणि ही त्याची मर्यादा स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. १८७५ मध्ये ज्यांनी एकत्र येऊन खते जाळली त्यांचे नातू पडद्यावर एकेकटेच आले.

ते एकत्र येणे आणि ते जाळणे हिंदी पडद्यावर पोहोचायला आणखी तीन दशके लागली. येथे दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरासारख्या सरकारी वसाहतींत देशभरची कुटुंबे एका जिन्याने चढतात-उतरतात, आणि आमच्या वर्गांतही हिंदी, बंगाली, मराठी घरांतली मुले एका बाकावर असतात. सावकार म्हटले की त्यांना आठवतो तो ‘मदर इंडिया’तला (१९५७) सुखीलाला, शेतकऱ्याने गाव सोडणे म्हटले की ‘दो बिघा जमीन’ (१९५३). ‘सावकारी पाश’ त्यांच्या स्मृतीत नाही, आणि असण्याचे कारणही नाही. मात्र ही नंतरची उदाहरणे कागदाच्या अंगाने पाहिली तर मधला दुवा हाती येतो. ‘दो बिघा जमीन’च्या शंभूच्या हिशेबाने त्याचे कर्ज पासष्ट रुपये, जमीनदाराच्या वहीप्रमाणे दोनशे पस्तीस, आणि न्यायालय वही मानते. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मध्ये (१९३६) होळीच्या सोंगात गावची पोरे झिंगुरीसिंहाची नक्कल करतात: दहाचा कागद लिहून घेऊन हातावर पाचच टेकविणारा सावकार. तेथे निरक्षरांच्या हाती एक प्रत्युत्तर आहे, अभिनयाचे. लिहिता येत नाही, पण नक्कल करता येते. कादंबरीने हे प्रत्युत्तर नाट्यातून उसने घेतले, ही बाब माध्यमांतराच्या अभ्यासकांनी अधोरेखित करावी अशी. आणि ‘मदर इंडिया’त बिरजू लालाच्या वह्या हातात घेतो, त्या त्याला वाचता येत नाहीत, आणि अखेर तो त्या पेटवून देतो.

बिरजूची ती आग सुप्याच्या आगीशी जोडून पाहण्याचा मोह होतो, आणि तो आवरण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र एवढे ध्यानात ठेवून की मेहबूब यांच्या चित्रपटात ती आग एका मुलाची आहे आणि त्याची आईच त्याला गोळी घालते. ‘सावकारी पाश’च्या बाबतीत हा पडताळा घेण्याची सोय उरलेली नाही. तेथे कागद कोणत्या चौकटीत दिसला, अंगठा उमटताना कॅमेरा किती जवळ होता, सावकाराच्या हातातील वहीचे पान प्रेक्षकाला दाखविले होते की नुसती तिची पाठ, हे प्रश्न आज अनुत्तरित आहेत. पान दाखविले असेल तर साक्षर प्रेक्षक सावकाराच्या बाजूला बसला होता; पाठ दाखविली असेल तर सारे चित्रपटगृह कुणब्याच्या बाजूला. १९३६ च्या बोलपटासंबंधीची वर्णने, छायाचित्रे आणि कंपनीची प्रसिद्धीपत्रके तपासताना पुढील अभ्यासकाने झोपडी आणि कुत्रा यांच्याइतकाच या वहीचा शोध घ्यावा.